निबंधातील ‘म्हणून’ : विवरणाच्या अध्यापनाविषयी

मराठीच्या अध्यापनात ‘निबंध’ ही संज्ञा फार सैलपणे वापरली जाते. वर्णन, कल्पनाविलास, आत्मवृत्त, उपदेश असे परस्परांहून भिन्न लेखनव्यापार तिच्यात एकत्र नांदतात. या गर्दीत विवरणपर निबंधाला, म्हणजे एखादी गोष्ट कशी घडते व का घडते हे वाचकाला उलगडून दाखवणाऱ्या लेखनाला, स्वतंत्र स्थान उरलेले नाही. हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. कोणते ज्ञान लेखनयोग्य मानायचे, हा वाङ्मयीन मूल्यांचा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

बुलडाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजाचे उदाहरण घेऊ. बालाजीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेला हा गाव जालन्याच्या शेजारी आहे आणि त्याच्या परिसरात शेडनेटखाली भाजीपाल्याचे बीजोत्पादन होते. तेथील विद्यार्थ्याला ‘शेतकऱ्याचे मनोगत’ हा विषय दिला, तर तो काय लिहील? ‘जगाचा पोशिंदा’, ‘काळी आई’, ‘घामाचे मोती’ हे शब्द मार्गदर्शकांतून त्याच्यापर्यंत पोहोचलेले असतात. घरी ज्याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात ते काम त्याने पाहिलेले, कदाचित केलेलेही असते. पण ते निबंधात येत नाही. निबंधाचे शेत आणि त्याचे शेत ही जणू दोन वेगळी शेते आहेत, अशीच त्याची समजूत करून दिलेली असते.

या समजुतीला इतिहास आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874 साली सुरू झाली आणि मराठी गद्याला तिने आत्मविश्वास दिला, हे निर्विवाद आहे. परंतु तिचा वारसा शालेय निबंधात उतरला तो मुख्यतः वक्तृत्वाचा : भारदस्त प्रारंभ, सुभाषितांची पेरणी, टाळी घेणारा शेवट. मालेने ज्यांच्या ग्रंथांचा उपहास केला, त्या जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकरी दरिद्री का, या प्रश्नाची कारणपरंपरा ते उकलत जातात. त्या गद्यात आवेश आहेच. पण तो कारणांच्या मांडणीवर उभा आहे. विवरणपर निबंधाचा हा नमुना आपल्या वर्गांनी निबंध म्हणून क्वचितच वाचला. पुढे फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधाने ‘मी’च्या भावविश्वाला प्रतिष्ठा दिली. ती अयोग्य नव्हती. मात्र वक्तृत्व आणि आत्मलीनता यांच्यामध्ये विवरण चेपले गेले.

अकोल्याला शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांचे स्मरण येथे वऱ्हाडच्या नात्याने करावेसे वाटते. ‘सुधारक’ ज्या वर्षी निघाला, त्याच 1888 साली त्यांचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तकही प्रसिद्ध झाले. हा योगायोग असो वा नसो, तो अर्थपूर्ण आहे. जो वाक्याचे घटक वेगळे करू शकतो, तोच रूढीचे घटक वेगळे करू शकतो.

अध्यापनाची सुरुवातही वाक्यापासूनच व्हावी. टोमॅटोच्या फुलातले परागकोश कळी उमलण्याआधीच चिमट्याने का काढतात? त्या फुलात परागकोश स्त्रीकेसराभोवतीच असतात, त्यामुळे स्वतःचेच पराग त्यावर पडतात. संकर तर दुसऱ्या वाणाशी हवा असतो, म्हणून हे परागकोश आधी दूर करावे लागतात. या वाक्यातील ‘म्हणून’ विद्यार्थ्याने कमावलेला आहे. ‘शेतकरी राबतो म्हणून देश जगतो’ यातला ‘म्हणून’ उसना आहे. तो खोटा नसेल, पण लिहिणाऱ्याने तो कधी तपासलेला नाही. शिक्षकाने या दोन ‘म्हणूनां’तील फरक दाखवून दिला, तर निबंधाचे निम्मे शिक्षण झाले.

उरलेले अर्धे क्रमाचे. कृतीचा क्रम आणि कारणांचा क्रम नेहमी एक नसतो. त्यातून निवड करणे म्हणजेच रचना. अनोळखी वाचकाला कोणता शब्द आधी समजावून द्यावा लागेल, याचा विचार म्हणजेच शैली.

यावर आक्षेप येईल, की असा निबंध माहितीपत्रकाच्या पातळीवर घसरेल. पण विवरण तेवढ्यावर थांबत नाही. संकरित पिकाचे बी पुन्हा पेरले तर मूळ गुण तसेच टिकत नाहीत, हे समजावून देणारा विद्यार्थी पुढच्याच वाक्यात दरवर्षी बी विकत का घ्यावे लागते, या प्रश्नापाशी येतो. एकेक फूल हाताने हाताळावे लागते, हे लिहिणारा मजुरीच्या प्रश्नापाशी येतो. ‘मनोगत’ शेतकऱ्याविषयी हळहळ निर्माण करते. विवरण त्याची स्थिती समजण्याजोगी, आणि म्हणूनच प्रश्न विचारण्याजोगी करते.

मराठी ज्ञानभाषा व्हावी असे आपण वारंवार म्हणतो. ज्या मुलाला आपल्याच शेडनेटमधले काम नेटक्या मराठीत समजावून सांगता येत नाही, त्याच्यापुरते ते वाक्यही उसन्या ‘म्हणून’सारखेच पोकळ राहते.