जगाचा नकाशा आणि आपले माळरान

१ जुलै २०१९ रोजी महाराष्ट्रात तेहतीस कोटी वृक्षलागवडीची मोहीम सुरू झाली. त्याच आठवड्यात, ५ जुलैला, ‘सायन्स’ या साप्ताहिकात जगभरच्या वृक्षलागवडीविषयीचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. शाळांपर्यंत मात्र त्या हातात हात घालूनच पोहोचल्या. निबंधाची बातमी फलकावर लागली आणि मुले कुदळी-फावडी घेऊन माळावर निघाली.

पुरंदर तालुक्यातील अशाच एका कार्यक्रमाला आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. आम्ही त्या निबंधातला आकडा सांगितला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर एका वृद्ध मेंढपाळाने विचारले, “साहेब, समदा माळ झाडांनी भरला तर मेंढरं कुठं न्यायची?” आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी येऊन तो निबंध मुळातून वाचला. त्यावर झालेली टीका पुढे प्रसिद्ध होत गेली, तीही वाचली. हे परीक्षण म्हणजे त्या राहिलेल्या उत्तराची थोडी परतफेड आहे.

निबंध झुरिच येथील संशोधकांच्या पुढाकाराने झाला. पहिले लेखक झाँ-फ्रान्स्वा बास्तँ, प्रयोगशाळा थॉमस क्राउदर यांची. पद्धत कल्पक आहे. जगभरच्या संरक्षित प्रदेशांतील सुमारे ७८ हजार छोटे तुकडे उपग्रहचित्रांवर निवडले. प्रत्येक तुकड्यात किती भागावर झाडांचे छत्र आहे हे माणसांनी डोळ्यांनी पाहून नोंदवले. मग हवामान, माती, उंचसखलपणा यांच्याशी या नोंदींचा संबंध संगणकाने शोधला आणि उरलेल्या जगात कोठे किती झाडे मावतील याचा नकाशा काढला. उत्तर आले ४४० कोटी हेक्टर. आजची झाडे, शेती आणि शहरे वजा केल्यावर ९० कोटी हेक्टर उरले. हे छत्रक्षेत्र भारताच्या क्षेत्रफळाच्या सुमारे पावणेतीन पट होते. तेवढी झाडे पूर्ण वाढली तर २०५ अब्ज टन कार्बन धरून ठेवतील, असा निष्कर्ष होता. सारांशात लेखकांनी याला हवामानबदलावरचा आजवरचा सर्वांत प्रभावी उपाय म्हटले.

या कामाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. जगभरच्या झाडांच्या छत्राचा विचार एकाच मोजपट्टीने करणे एका देशाच्या वनखात्याला शक्य नाही. बास्तँ यांच्याच २०१७ सालच्या निबंधात कोरड्या प्रदेशांतील दोन लाखांहून अधिक तुकडे तपासले होते. त्यासाठी निरनिराळ्या देशांतील दोनशेहून अधिक माणसे पडद्यापुढे बसली होती. असे सहकार्य उभे करणे सोपे नसते.

दोष पद्धतीच्या गणितापेक्षा प्रश्नात आहे. ‘येथे झाड जगू शकेल का?’ हा एक प्रश्न. ‘येथे झाड असायला हवे का?’ हा दुसरा. निबंध पहिल्याचे उत्तर काढतो आणि वाचकाला ते दुसऱ्याचे वाटू देतो. आफ्रिकेतील सॅव्हाना, ब्राझीलमधील सेरादो आणि आपल्याकडील माळराने येथे पाऊस आणि माती झाडांना काही अंशी पुरेशी असते. तरी तेथे गवत टिकते, कारण वणवा, चरणारी जनावरे आणि कोरडा उन्हाळा झाडांना दाटी करू देत नाहीत. ही परिसंस्था म्हणजे तोडून उजाड केलेले जंगल नव्हे. आपल्या माळावरचा लांडगा, चंडोल, तणमोर यांना उघडा प्रदेशच लागतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर जुन्या मराठी काव्यातील आणि संतचरित्रांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून पश्चिम महाराष्ट्रातील माळराने कित्येक शतके जुनी असल्याचे दाखवले आहे. उपग्रहाच्या चित्रात ही शतके दिसत नाहीत. सरकारी दप्तरात तर अशा जमिनीची नोंद पुष्कळदा ‘पडीक’ अशीच असते.

दुसरा दोष मातीचा. गवताळ प्रदेशात कार्बनचा मोठा साठा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. तो जवळजवळ शून्य धरला तर नव्या झाडाचे सगळे श्रेय नफ्यात जमा होते. शिक्षकांना हे समजावायला कठीण नाही. आधीच भरलेली बादली रिकामी समजून तिच्यात किती पाणी ओतले ते सांगण्यासारखे हे आहे.

तिसरा दोष हिशेबाच्या मांडणीचा. २०५ अब्ज टन म्हणजे माणसाने सोडलेल्या कार्बनचा दोन-तृतीयांश भाग, असे वृत्तपत्रांत आले. औद्योगिक क्रांतीपासून माणसाने सोडलेला कार्बन ६०० अब्ज टनांहून अधिक आहे. त्यातील सुमारे ३०० अब्ज टन हवेत उरला, बाकीचा समुद्राने आणि जमिनीने घेतला. दोन-तृतीयांश हे प्रमाण हवेत उरलेल्या कार्बनशी लावलेले आहे. सोडलेल्या एकूण कार्बनशी लावले तर ते एक-तृतीयांशाच्या आसपास येते. शिवाय झाडांनी हवेतला कार्बन कमी केला की समुद्र आपल्याजवळचा काही परत देतो. ही वजाबाकी मोजलेली नव्हती.

हे आक्षेप आमचे नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच साप्ताहिकात ते प्रसिद्ध झाले. त्यांतील एका टिपणावर जोसेफ वेल्डमन यांच्यासह वेगवेगळ्या देशांतील ४६ शास्त्रज्ञांची नावे होती. त्यांच्या मते मूळ अंदाज सुमारे पाचपट फुगलेला होता. लेखकांनी उत्तर दिले आणि २०२० मध्ये शुद्धिपत्र काढले. ‘सर्वांत प्रभावी उपाय’ याच्या जागी ‘सर्वांत प्रभावी उपायांपैकी एक’ अशा अर्थाची दुरुस्ती झाली. पण तोवर, जानेवारी २०२० मध्ये, दावोसला एक लाख कोटी झाडांची जागतिक मोहीम जाहीर झालेली होती. शुद्धिपत्र शाळेच्या फलकावर लागल्याचे आम्ही कोठे पाहिले नाही.

येथे दुसऱ्या प्रकारच्या सहकार्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९८० साली स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरांचा एक तुकडा आखला. एक सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक खोडाला बिल्ला लावला, जाडी मोजली, जात ओळखली. अशी दोन लाखांहून अधिक खोडे होती. दर पाच वर्षांनी तीच खोडे पुन्हा मोजायची असे ठरले. त्याच रीतीने तमिळनाडूतील मुदुमलै येथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८-८९ मध्ये ५० हेक्टरांचा तुकडा सुरू केला. तेथे मोजणाऱ्यांना हत्ती आणि वणवा यांचाही हिशेब ठेवावा लागला, कारण लहान झाडे त्यांच्यामुळेच मरत होती. नेमक्या याच दोन गोष्टी झुरिचच्या नकाशात नव्हत्या.

अशा तुकड्यांची पुढे जाळी विणली गेली. २०२० साली ‘नेचर’मध्ये आफ्रिकेच्या ११ देशांतील २४४ आणि अ‍ॅमेझॉनमधील ३२१ तुकड्यांची तुलना आली. या जुन्या उष्णकटिबंधीय जंगलांची कार्बन शोषण्याची क्षमता १९९०च्या दशकात कळसाला पोहोचून नंतर घटत गेली, असे तीतून दिसले. उपग्रहाच्या एका चित्रातून हे कळले नसते. त्यासाठी कोणीतरी त्याच झाडाशी वर्षानुवर्षे टेप घेऊन परत जावे लागते.

मात्र या जाळ्यांतही सारे आलबेल नाही. खोड मोजणारा, पानासाठी झाडावर चढणारा, स्थानिक नावे सांगणारा माणूस उष्ण प्रदेशातला असतो आणि पैसा व अंतिम विश्लेषण बहुधा उत्तरेकडे असते. ‘सगळी माहिती सर्वांना खुली करा’ ही मागणी ऐकायला उदात्त आहे. पण मोजणीचा खर्च आणि श्रम एकाचे, निबंध दुसऱ्याचा, असे होऊ नये, हा मुद्दा २०२२ मध्ये खुद्द या तुकड्यांवर काम करणाऱ्या संशोधकांनीच मांडला. आमच्या मते ही केवळ मानापमानाची बाब नाही. जमिनीवर चालणारा माणूस प्रश्न ठरवताना हजर असला तर प्रश्नच वेगळा विचारला जातो. त्याच्याकडून केवळ आकडे मागवले तर आकडे बरोबर येतात आणि नकाशा चुकतो.

क्राउदर यांच्या गटाचे पुढचे काम याचीच साक्ष देते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा दोनशेहून अधिक लेखकांचा निबंध आला. त्यात जमिनीवरच्या मोजण्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या होत्या. आकडा २२६ अब्ज टन, म्हणजे जवळपास पूर्वीइतकाच. पण अर्थ बदलला होता. त्यातील ६१ टक्के वाटा असलेल्या जंगलांना राखून पूर्ण वाढू देण्याचा, उरलेला जंगल तुटलेल्या भागात ते पुन्हा येऊ देण्याचा. खड्डे खणण्याला आता पहिला मान नव्हता.

तेव्हा शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. लागवडीचा कार्यक्रम आला तर आधी मुलांना त्या जागेवर एक तास न्यावे. दोरीने दहा मीटर बाजूचा चौरस आखावा, त्यातील गवताच्या जाती, किडे, लेंड्या, पक्ष्यांची घरटी मोजावीत. गावातील दोन वृद्धांना विचारावे, येथे कधी झाडी होती का. होती आणि तुटली असे उत्तर आले तर आनंदाने झाडे लावावीत. नव्हती असे आले तर कुदळ परत न्यावी आणि चौरस दरवर्षी पुन्हा मोजावा.

त्या मेंढपाळाला आज आम्ही एवढेच सांगू शकतो की त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि तो आम्ही टाळ्या घेण्यापूर्वी विचारायला हवा होता.