खोड आणि हसू : ‘माणदेशी माणसं’ कोरेगावातून वाचताना

सातारा-सांगली पट्ट्यात एखाद्याचे घर विचारावे तर आडनावापेक्षा टोपणनाव अधिक उपयोगी पडते. हे टोपणनाव बहुधा त्या माणसाच्या खोडीवरून पडलेले असते. चालण्याची ढब, बोलण्यातील हेल, पैशाबाबतचा चिवटपणा यांपैकी काहीही त्याला पुरते. गाव हसते, पण त्या माणसाला आपल्यातून वगळत नाही. या हसण्याला साहित्यात आणताना काय टिकते आणि काय गळते, हा प्रश्न ग्रामीण विनोदाच्या समीक्षेत पुरेसा विचारला गेलेला नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ हे व्यक्तिचित्रांचे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. कोरेगावच्या पूर्वेस खटाव, त्यापलीकडे माण; पश्चिमेकडे कृष्णाकाठ. त्यामुळे येथील वाचक या माणसांना परका नाही आणि पूर्णपणे त्यांच्यातलाही नाही. हे अंतर वाचनास उपकारक ठरते.

माडगूळकरांच्या लेखनात खोड ही आरंभी गमतीची वाटते आणि हळूहळू तिचे कारण उघड होते. धर्मा रामोशी हा अंगावर धड वस्त्र नसलेला म्हातारा. त्याला धोतर मिळते, तरी ते त्याच्या अंगावर दिसत नाही. ही म्हाताऱ्याची तऱ्हेवाईक वृत्ती असावी, असे क्षणभर वाटते. पुढे ते धोतर त्याच्या मुलीच्या अंगावर दिसते, कारण तिच्याजवळ नेसायला दुसरे काही नसते. येथे हसू विरते, पण लेखक त्यावर भाष्य करीत नाही. पावसाने पाठ फिरवलेल्या प्रदेशात खोड ही पुष्कळदा टंचाईनेच लावलेली सवय असते, हे तो न सांगता दाखवतो. ‘बनगरवाडी’तील (१९५५) मेंढपाळांनी मुलांना शाळेत पाठविण्यास केलेली टाळाटाळ याच जातीची आहे. ती अडाणीपणाची नसून मेंढरांमागे माणूस हवा, या हिशेबाची आहे.

द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीत मात्र वेगळा न्याय चालतो. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही मंडळी आपापल्या खोडीसह येतात आणि खोडीसह परत जातात. एखादी अफवा उठते, सगळे तिच्यामागे धावतात, शेवटी फजिती होते. खोड हे येथे कथेला गती देणारे चाक आहे. तिच्यामागे काय आहे, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. हा विनोद हलक्या प्रतीचा ठरवणे अन्यायाचे होईल. अतिशयोक्तीची त्याची जाण पक्की आहे आणि त्यातील मंडळी एकमेकांना सांभाळूनही घेतात. तथापि माडगूळकर, मिरासदार व शंकर पाटील यांचे कथाकथन साठच्या दशकापासून शहरी सभागृहांत गाजू लागले, तेव्हा प्रसंगाबरोबर बोलीलाही हशा मिळू लागला. ‘हाय’ आणि ‘न्हाय’ हेच विनोदाचे साधन झाले.

कोरेगावच्या वर्गात हे साधन निरुपयोगी आहे. ज्याच्या घरी रोज ‘न्हाय’ म्हटले जाते तो विद्यार्थी त्या शब्दाला हसणार नाही. तो पुढच्या वाक्याला हसेल, आणि तेही त्यात खरोखर काही असेल तरच. म्हणून हेल काढून कथा वाचणारा प्राध्यापक (असे वाचन अनेकांना यशस्वी वाटते) नकळत विद्यार्थ्याच्या आईच्या बोलण्याचीच नक्कल करीत असतो. कथा साध्या आवाजात वाचून दाखवली की तिच्यात किती विनोद उरतो, ही परीक्षा माडगूळकर सहज उत्तीर्ण होतात. त्यांचे अनेक अनुकरणकर्ते होत नाहीत.

एक अडचण मात्र माडगूळकरांबाबतही राहते. पुस्तकातील धर्मा रामोशी, शिदा चांभार, गणा महार ही शीर्षके जातीसह येतात. त्या काळच्या गावव्यवहारात हे स्वाभाविक होते, असे उत्तर दिले जाते आणि ते खोटे नाही. पण दलित आत्मकथने वाचलेला आजचा विद्यार्थी या शीर्षकांपाशी थांबतो, आणि त्याला घाईने पुढे नेणे योग्य नव्हे. पाहणारा निवेदक कुलकर्ण्यांच्या घरातला आहे. त्याची दृष्टी सहृदय आहे, तरी ती एकाच घराच्या ओसरीवरून पाहते. धर्माच्या खोपटात या कुलकर्ण्यांच्या कोणत्या खोडींवर हसत असतील, ते या पुस्तकात कोठेही ऐकू येत नाही.