उड्डाणविद्या आणि गुरूची भाषा

परदेशी जाऊन विमान चालवावयास शिकणे ही आता आपल्या घरांतून नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. येथे सेक्टर 39 मध्ये आमच्याच ओळीतील दोन मुले गेल्या काही वर्षांत त्यासाठी समुद्रापार गेली. लडाखकडे रसद नेणाऱ्या लष्करी विमानांचा आवाज ज्या गावी पहाटेच्या चहाबरोबर ऐकू येतो, तेथे मुलांचे डोळे वर लागावेत यात आश्चर्य ते कोणते? आश्चर्य निराळेच आहे. इतकी मराठी माणसे उडावयास शिकली, पण त्या शिकण्याविषयी मराठीत वाङ्‌मय म्हणावे असे लेखन आमच्या पाहण्यात जवळजवळ नाही. आमच्या प्रवासवर्णनांत विमान येते ते खिडकीतून दिसणाऱ्या ढगांपुरते. लेखक प्रवासी असतो, आणि दांडा दुसऱ्याच कोणाच्या हाती असतो.

या उणिवेचा विचार करण्यास निमित्त झाले ते सरदार हरदित सिंग मलिक यांच्या 'अ लिटल वर्क, अ लिटल प्ले' या आत्मचरित्राचे. ते इंग्रजीत आहे आणि त्यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी प्रसिद्ध झाले. 1894 साली रावळपिंडीस जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी विलायतेस गेला, ऑक्सफर्डला बेलियल कॉलेजात शिकला, ससेक्सकडून क्रिकेट खेळला आणि 1917 साली ब्रिटिश हवाई दलाच्या पूर्वावतारात, म्हणजे रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, दाखल झाला. पुढे हेच गृहस्थ आय. सी. एस. झाले आणि स्वातंत्र्यानंतर कॅनडात हाय कमिशनर व फ्रान्समध्ये राजदूत म्हणून राहिले. घरापासून दूर नेमणुकीवर आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना त्यांचा स्वर ओळखीचा वाटेल. तो संयत आहे, थोडा मिस्किल आहे आणि स्वतःविषयी बोलताना किंचित संकोचणारा आहे.

पण वाचून झाल्यावर मनात काय उरते? उरते ती पगडी. ती उतरविण्यास त्यांनी दिलेला नकार आणि तिच्यावर बसेल असे खास मोठे शिरस्त्राण. उरतो ऑक्टोबर 1917 मधला तो प्रसंग, जेव्हा पायात गोळी लागली असताना त्यांनी चाळणी झालेले सॉपविथ कॅमल जमिनीवर उतरविले. चाके प्रथम भूमीपासून सुटली त्या क्षणी या पंजाबी तरुणाच्या मनात काय झाले, ते मात्र आमच्या हाती लागत नाही. हा दोष भाषा परकी असल्यामुळे आला असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. मलिकांना इंग्रजी जवळजवळ मातृभाषेसारखीच होती. आमच्या मते भाषेबरोबर त्यांनी त्या वर्गाचा अबोलपणाही उचलला. भीती आणि आनंद या दोन्हींविषयी चारचौघांत बोलू नये हा इंग्रज सभ्यपणाचा दंडक त्यांनी पाळला. त्याने अधिकारी घडतो, पण आत्मचरित्र उपाशी राहते.

याच्या शेजारी एक फ्रेंच पुस्तक ठेवून पाहावे. सेंत एक्झुपेरी यांच्या 1939 सालच्या 'तेर देझोम' मध्ये टपालविमानाच्या पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री तरुण लेखक आपल्या अनुभवी मित्राकडे, गियोमेकडे, नकाशा घेऊन जातो. गियोमे त्याला स्पेनचा भूगोल शिकवीत नाही. एका शेताच्या कडेची तीन संत्र्यांची झाडे, गवतात लपलेला ओढा, वाटेत आडव्या येणाऱ्या मेंढ्या अशा गोष्टी तो दाखवतो आणि नकाशा हळूहळू जिवंत होतो. येथे गुरू आणि शिष्य एका भाषेचे आहेत, आणि म्हणूनच हे शिक्षण हुकुमाच्या पायरीवर थांबत नाही.

याउलट इंग्रजी पद्धतीचे शिक्षण पाहा. 1917 साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी गॉसपोर्ट येथे जी पद्धत बसविली, तीत शिक्षकाचा आवाज शिष्याच्या कानी पोचविणारी एक नळी होती. गॉसपोर्टची नळी म्हणूनच ती पुढे प्रसिद्ध झाली. त्या नळीतून बोलणे बहुधा एकाच बाजूचे होई. शिक्षकाने सांगावे आणि शिष्याने करावे. पद्धत म्हणून ती उत्कृष्ट होती, हे नाकारण्याचे कारण नाही. विमान कशामुळे धोक्यात येते हे शिष्याला मुद्दाम दाखवून त्यातून बाहेर काढावयास शिकविणे हा तिचा गाभा होता, आणि त्याने किती जीव वाचले असतील! पण त्या नळीत शिष्याच्या उद्गाराला जागा नव्हती. आज आंतरराष्ट्रीय मार्गांवरील वैमानिकांना इंग्रजीची चौथी पायरी गाठावी लागते. 2008 सालापासूनचा तो नियम सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. आकाशात ठरावीक शब्दच हवेत. आमची तक्रार जमिनीवर उतरल्यानंतरच्या मौनाविषयी आहे.

आणि येथे मलिकांच्याच पिढीतील एका मुंबईकराची आठवण होते. श्रीकृष्ण वेलिंगकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन विमान चालवीत. जून 1918 च्या अखेरीस ते पडले, आणि फ्रान्समध्ये हांगार येथे त्यांची समाधी आहे. मलिक जगले म्हणून त्यांचे पुस्तक आहे, वेलिंगकरांचे एक वाक्यही आमच्यापर्यंत आलेले नाही. मुंबईच्या एखाद्या जुन्या घरात त्यांची घरी धाडलेली पत्रे असतील काय? असल्यास ती छापली जावीत. त्यांत मराठी किती आणि इंग्रजी किती, हेही पाहावयास मिळेल.

गुरू इंग्रजच असतो असेही नाही. ज्या मिग-21 ने 1963 साली याच चंदीगडास पहिले घर केले आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी येथूनच निरोप घेतला, ते चालविणारे पहिले भारतीय वैमानिक सोविएत भूमीवर शिकले होते. त्या निरोपाच्या दिवशी आम्ही गच्चीवर उभे होतो. शेजारचे निवृत्त गृहस्थ त्या विमानांविषयी तासभर बोलले, रसाळ पंजाबीत. त्यांतले कोणी लिहून ठेवले आहे काय, या प्रश्नावर त्यांनी फक्त हात हलविले.

आमचा भाचा परदेशच्या एका विमानशाळेतून गतवर्षी परवाना घेऊन आला. आम्ही पुष्कळ खोदून विचारले. उत्तरे आली ती सारी त्याच्या शिक्षकाच्या शब्दांत, अचूक आणि कोरडी. मग आमच्या मातोश्रींनी जेवताना सहज विचारले, "एकटा पहिल्यांदा गेलास, तेव्हा रे?" तो घास हातात धरून थांबला. म्हणाला, "आजी, मास्तर उतरले ना, तेव्हा विमान एकदम हलकं झालं. नेहमीपेक्षा लवकर उचललं. शेजारची जागा रिकामी, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो."

मलिकांच्या पुस्तकात आम्ही जे शोधीत होतो ते हेच. त्याला आम्ही ते लिहावयास बसविले आहे. आजवर तीन पाने आली. दुसऱ्या पानावर 'फ्लेअर' हा शब्द त्याने दोनदा खोडला आहे आणि समासात आम्हांस विचारले आहे की, टेकण्यापूर्वी विमानाचे नाक किंचित उचलून वेग मारतात, त्याला मराठीत काय म्हणावे. आम्ही कोश पाहिले, दोन मित्रांस पत्रे लिहिली. शब्द अद्याप सापडलेला नाही.