बुद्ध्यंक चाचणीची तयारी : कोणी करायची आणि कशाची?

चौथी-पाचवीतला मुलगा तोंडी उत्तरे चटपटीत देतो, पण फळ्यावरचे उतरवून घेताना अक्षरे गाळतो, वाचताना अडखळतो. शाळा पालकांना सुचवते, 'एकदा तपासणी करून घ्या.' पालक घाबरतात आणि पहिला प्रश्न विचारतात, 'तयारी काय करून घ्यायची?' मग कोणी ठोकळ्यांचा खेळ आणतो, कोणी बुद्धिमापनाच्या सरावाचे पुस्तक. आमच्या मते तयारीची दिशा इथेच चुकते.

आधी चाचणीत काय होते ते पाहू. आपल्याकडे बरीच वर्षे जी चाचणी सर्रास वापरली जाते, ती नागपूरला डॉ. मालिन यांनी १९६० च्या दशकात तयार केली. वेक्स्लर यांच्या १९४९ च्या अमेरिकन चाचणीचे ते भारतीय रूप आहे. मूल मानसशास्त्रज्ञासमोर एकटे बसते. सामान्य माहिती, दोन गोष्टींतले साम्य, तोंडी गणिते, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे हा एक भाग. ठोकळ्यांची नक्षी, अपुऱ्या चित्रात काय राहिले ते ओळखणे, चक्रव्यूहातून वाट काढणे हा दुसरा. काही कामांना वेळ लावतात. प्रश्न क्रमाने अवघड होत जातात आणि ओळीने काही चुकले की तो भाग थांबवतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक भाग चुकांवरच संपतो! शिवाय उत्तर बरोबर की चूक हे परीक्षक सांगत नाही. परीक्षेत चुकणे म्हणजे नापास होणे, एवढेच शिकलेले मूल खोलीबाहेर येते ते रडवेले होऊन. 'काही प्रश्न तुझ्याहून मोठ्या मुलांचे असतील, ते न येणे ठीक आहे,' हे एक वाक्य त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवले तर निम्मी तयारी झाली. उरलेली निम्मी म्हणजे पुरेशी झोप, पोटभर न्याहारी, चष्मा असल्यास तो, आणि नेहमीचे औषध चालू असल्यास त्याची परीक्षकाला माहिती.

प्रश्नांचा सराव मात्र मुळीच नको. चाचणीचे गुण ठरतात ते प्रश्न प्रथमच पाहणाऱ्या मुलांशी तुलना करून. सरावाने अंक वाढतो, वाचन सुधारत नाही. आणि ज्या अडचणीसाठी मदत हवी तीच झाकली जाते.

आता मुख्य मुद्दा. अहवालात एक अंक येतो आणि सगळे त्याच्याकडे न्यायालयाच्या निकालासारखे पाहतात. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेची पुढची तपासणी, असा क्रम होता. समजा एका मुलाला ८३ मिळाले आणि दुसऱ्याला ८७. वेक्स्लरच्या चाचण्यांत एकूण बुद्ध्यंकाची प्रमाणित चूक साधारण ३ गुणांची असते. तेव्हा या दोघांत खरोखर फरक आहे असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही. तरी एकाला दार उघडते आणि दुसऱ्यावर 'मंदगती'चा शिक्का बसतो.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. अंकगणित, अंक लक्षात ठेवणे, सामान्य माहिती या भागांत अध्ययन अक्षमतेचे मूल मागे पडते ते त्याच अक्षमतेमुळे. ज्याला वाचता येत नाही त्याची माहिती वाढणार कोठून? म्हणजे जी अडचण शोधायची तीच दारावरचा अंक खाली खेचते. घरी वडारी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाची चाचणी प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत घेतली तर भाषेचा तोटा बुद्धीच्या खात्यात जमा होतो.

प्रमाणके जुनी असण्याचा दोष मात्र नेमका उलट्या दिशेने जातो. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांची सरासरी जवळजवळ १४ गुणांनी वर सरकली होती. जिथे असे घडते तिथे जुन्या प्रमाणकांवर मोजलेले आजचे मूल आहे त्यापेक्षा वर दिसते आणि ज्याला खरोखर बौद्धिक अक्षमतेचा दाखला हवा ते काठावरून सुटते. दोन्ही दोष एकाच अंकात मिसळलेले असतात. नुसता अंक पाहून ते वेगळे काढता येत नाहीत.

म्हणून तयारी करायची ती आपण, शिक्षकांनी. तिसरीच्या सुमारास पहिली चाळणी लावण्याचे काम त्याच तत्त्वांनी शिक्षकांवर सोपवले होते. पण पुष्कळदा शाळेकडून जाते ती 'अभ्यासात कच्चा' अशी एक ओळ. त्याऐवजी मुलाच्या वह्या पाठवा. तोच धडा वाचून आणि ऐकून दिलेली उत्तरे शेजारी शेजारी लिहा. घरची भाषा, गैरहजेरी, बदललेल्या शाळा, आधी झालेल्या चाचण्यांच्या तारखा कळवा. दृष्टी आणि श्रवण आधी तपासून घ्या. अहवाल आल्यावर विचारा : चाचणी कोणती, तिची प्रमाणके कोणत्या सालची, कोणत्या भाषेत घेतली, एकूण अंकासोबत प्रत्येक भागाचे गुण दिले आहेत का? चांगला मानसशास्त्रज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही. वह्या पाहून त्याला बरेच वाटते.

आमच्या ओळखीच्या एका बाईंनी असा चार पानांचा कागद पाठवला होता. मुलाचा एकूण अंक ८२ होता. ठोकळे आणि साम्य यांत मात्र तो वयाच्या पुढे होता. परीक्षकाने एकूण अंक बाजूला ठेवून वाचनाची स्वतंत्र तपासणी केली. बाईंच्या कागदातले शेवटचे वाक्य होते : 'गोष्ट ऐकवली तर शेवट हाच सर्वांत आधी ओळखतो.'