स्नानावांचून तीर्थ : रिचर्ड विल्सनचें एक चित्र

अकोटच्या कोणत्याहि शाळेंत जाऊन मुलांस ‘निसर्गचित्र काढा’ म्हणून सांगावें. पांच मिनिटांत कागदावर दोन त्रिकोणी डोंगर उभे राहतात, त्यांच्या फटींतून सूर्य वर येतो, तेथूनच एक नदी निघते आणि तिच्या कांठीं नारळाचें झाड वांकतें. वस्तुतः गांवाबाहेर येऊन उत्तरेस पाहिलें तर नरनाळ्याच्या बाजूची सातपुड्याची लांबच लांब, माथ्यावर सपाट अशी रांग दिसते. तिच्यांत त्रिकोण शोधूनहि सांपडणार नाहीं. आणि आमच्या कपाशीच्या शिवारांत नारळ किती, हें वऱ्हाडच्या वाचकांस सांगावयास नको. मग हा सांचा या मुलांच्या हातांत आला कोठून? या प्रश्नाचा माग काढीत जातां जातां आम्ही अठराव्या शतकांतील एका चित्रापाशीं येऊन थबकलों, त्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

रिचर्ड विल्सन (मृत्यु १७८२) हा मूळचा वेल्स प्रांतांतला व आरंभीं व्यक्तिचित्रें काढून निर्वाह करणारा. १७५० सालीं तो इटलींत गेला, तेथें सहासात वर्षें राहिला आणि परतला तो निसर्गचित्रकार होऊनच. त्याचें ‘अव्हर्नस सरोवर आणि काप्री बेट’ हें चित्र सुमारें १७६० चें असून तें लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचें आहे. स्थळ नेपल्सच्या पश्चिमेस समुद्रालगतचें. मध्यें सरोवराचें निश्चल पाणी, कांठावर ‘अपोलोचें देऊळ’ म्हणून प्रसिद्ध असलेला भग्न घुमट, त्यापलीकडे बाया येथील आखात (उच्चार असाच आहे, वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये) आणि अगदीं दूर धुक्यांत विरघळत चाललेलें काप्रीचें बेट. अलीकडच्या तीरावर जीं थोडीं माणसें आहेत तीं घुमटाचें माप कळावें एवढ्याचसाठीं बसविलेलीं दिसतात. जवळची भूमि काळोखी, मधलें पाणी उजळ, दूरचे डोंगर निळसर आणि प्रकाश मागून येणारा, ही मांडणी विल्सनची स्वतःची नव्हे. रोमांत आयुष्य घालविलेल्या क्लोद लोरँ याची ती देणगी. परंतु विल्सनच्या हातीं तिला एक गंभीर शांतता आली, हें कबूल केलेंच पाहिजे. त्याच्या चित्रांतील पाण्याकडे पाहतांना आपला आवाज आपोआप हलका होतो.

आतां हें स्थळ मूळचें कसलें? बाया म्हणजे रोमन साम्राज्यांतील श्रीमंतांचें ऊन पाण्याचें क्षेत्र. होरेसनें तेथील आखाताची वाखाणणी केली, सेनेकानें तेथील चैनीवर कोरडे ओढले, आणि आजारी हेड्रिअन बादशहानें १३८ सालीं तेथेंच देह ठेविला. भूगर्भांतील ज्या उष्णतेनें हे झरे तापविले, तिनेंच पुढें जमीन खचवून जुन्या शहराचा मोठा भाग समुद्रांत घातला. सम्राटांच्या दिवाणखान्यांच्या फरशा आज पाण्याखालीं आहेत. १५३८ सालीं तर सरोवराशेजारींच ज्वालामुखीचा उद्रेक होऊन एक नवीन टेकडी उभी राहिली आणि त्रिपेर्गोले नांवाचा स्नानगृहांचा गांव तिच्याखालीं गाडला गेला.

ज्यास विल्सनचा काळ अपोलोचें देऊळ म्हणत होता, तें देऊळ नव्हतेंच. तें स्नानगृहाचें दालन होतें. बाया येथील ‘बुधाचें देऊळ’, ‘शुक्राचें देऊळ’ यांचीहि तीच कथा. भग्न घुमट दिसला कीं त्यावर देवतेचें नांव चिकटवावयाचें, असा जुन्या प्रवाशांचा परिपाठ होता. आम्हांस ही चूक फार बोलकी वाटते. ज्यांनीं लहानपणीं व्हर्जिल पाठ केला आणि त्यांतील पाताळाची वाट याच अव्हर्नसाजवळून जाते हें वाचलें, त्यांस येथें देऊळ दिसणें प्राप्तच होतें. गिऱ्हाईकहि तेच होते. इटलीची यात्रा करून आलेल्या इंग्रज सरदारास घरच्या भिंतीवर आपली विद्या टांगून हवी होती. खरजेनें पिडलेला कोळी त्यास नको होता.

परंतु हा कोळी तेथें होता, आणि त्याचें चित्रहि कोणी काढलें होतें. बाराव्या शतकाच्या अखेरीस एबोलीच्या पिएत्रो नांवाच्या कवीनें याच परिसरांतील स्नानस्थानांवर एक लॅटिन काव्य रचलें. कोणत्या कुंडानें कोणती व्याधि जाते, हें त्यांत एकेक करून सांगितलें आहे. म्हणजे तें सरळसरळ आमच्या तीर्थमाहात्म्याचें भावंड होय. त्याच्या सचित्र पोथ्यांत उघड्या अंगाचीं माणसें कुंडांत दाटीनें बसलेलीं आहेत. तीं चित्रें प्रमाणांत चुकलेलीं, ओबडधोबड. तथापि तेथें पाणी कशासाठीं आहे हें पाहणाऱ्यास तत्काळ कळतें. पांचशें वर्षांनीं विल्सनच्या चित्रांत दूरचा डोंगर अचूक निळा झाला आणि पाण्यांतला रोगी नाहींसा झाला. चित्रकलेच्या इतिहासांत यास प्रगति म्हणतात, आणि आम्हीहि तीस वर्षें वर्गांत तसेंच सांगत आलों.

आमच्या मनांत किंतु उत्पन्न झाला तो मोर्शी तालुक्यांतील सालबर्डीस. तेथें थंड पाण्याच्या कुंडाशेजारींच गंधकयुक्त ऊन पाण्याचें कुंड आहे. लोक त्यास सीतेची न्हाणी म्हणतात. आम्ही गेलों तेव्हां, खरें सांगावयाचें तर, विल्सन डोक्यांत घेऊनच गेलों होतों. एका खडकावर उभे राहून डोंगर, झाडी व पाणी यांची मनाशीं नीट चौकट बसवूं लागलों, तों एक म्हातारी आपल्या नातवाच्या पायावरील चट्टे चोळतां चोळतां म्हणाली, “बाप्पा, जरासे सरकून उभे राहा, उजेड अडते.” आमची चौकट तिच्या उजेडांत आली होती. गंधकाचा वास, ओलीं लुगडीं, पोराचें रडणें, यांतील एकहि गोष्ट आमच्या चौकटींत मावत नव्हती.

एवढ्यावरून विल्सनची पद्धत टाकाऊ ठरवावी, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. कारण ती आमच्याकडे आली तेव्हां एका मराठी माणसानें तिचें काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. जेम्स वेल्स (नांव वेल्स, पण माणूस स्कॉटलंडचा) १७९१ सालीं मुंबईस उतरला. वरळीचा किनारा, मलबार टेकडी, शीवचा किल्ला येथून त्यानें घेतलेलीं बारा दृश्यें त्याच्या मृत्यूनंतर, १८०० सालीं, लंडनमध्यें प्रसिद्ध झालीं. मुंबई बेटाकडे पाहण्याची दृष्टि त्यांत बव्हंशीं तीच, इटलीहून निघालेली. पुण्याचा रेसिडेंट मॅलेट याच्यासाठीं तेव्हां गंगाराम चिंतामण तांबट चित्रें काढीत असे. वेल्सच्या हाताखालींहि त्यानें काम केलें. त्याचें सुमारें १७९५ मधील एक चित्र आहे : दक्षिणेच्या वेळची पर्वती. टेकडी आहे, माथ्यावर देऊळ आहे, दूरत्व दाखविण्याची विलायती रीत आहे. परंतु चित्राचा विषय टेकडी नसून दक्षिणा आहे. श्रावणांत पेशव्यांच्या हातची दक्षिणा घेण्यासाठीं देशोदेशींचे ब्राह्मण पायथ्याशीं जमत, आणि त्या गर्दीवांचून पर्वतीचें चित्र पुरें होतें असें गंगारामास वाटलें नाहीं. (त्याच दक्षिणेच्या पैशांतून १८२१ सालीं पुण्यांत पाठशाळा निघाली व पुढें तिचें डेक्कन कॉलेज झालें, तेव्हां आम्हां प्राध्यापकांचे पूर्वजहि त्या गर्दींत कोठेंतरी उभे असावयाचे.) त्याची रेघ विल्सनच्या मानानें ताठर आहे, हवेचा ओलसरपणा त्यास साधलेला नाहीं. मात्र परक्याचें साधन हातीं घेतांना परक्याची निवड त्यानें घेतली नाहीं.

हें चित्र आज अमेरिकेंत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत आहे. गेल्या महिन्यांत आम्ही त्याची छापील प्रत येथील एका शाळेंत नेली व मुलांस दाखविली. एका मुलीनें पुष्कळ वेळ पाहून विचारलें, “सर, इतकीं माणसें काढलीं तरी याला निसर्गचित्र म्हणतात का?” चित्रकलेच्या परीक्षेस ती यंदा बसणार आहे, म्हणून आम्हीं उत्तर देण्यापूर्वीं तिच्या गुरुजींकडे पाहिलें. ते फळ्यावर दोन त्रिकोण काढीत होते.