दहा दिवसांचा बाप : गोपाळराव जोशी आणि मराठी चरित्रकथनातील एक मौन

१

मराठी चरित्रवाङ्मयात अपत्यजन्माचा प्रसंग दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे तो त्या प्रसंगीचा बाप. पहिले बाळंतपण माहेरी, बाळंतिणीच्या खोलीत सुईण आणि वडीलधाऱ्या बायका, आणि बाप बहुधा परगावी नोकरीवर, अशी त्या प्रसंगाची मांडणी ठरून गेलेली आहे. बापाला बातमी कळते, घरात गोडधोड होते आणि निवेदन पुढे सरकते. पहिल्यांदा बाप होणाऱ्या पुरुषाच्या मनात त्या घटकेला काय घडले असेल, हा प्रश्न निवेदकाला पडत नाही. आणि वाचकालाही तो पडू नये अशीच कथनाची गती असते.

या मौनाचा विचार करताना एक भेद आरंभीच लक्षात घेतला पाहिजे. स्त्रीच्या प्रसूतीचा अनुभव दीर्घ काळ लिहिला गेला नाही, कारण तिच्या हाती लेखणी नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’सारख्या लेखनाने ती कोंडी फुटली, आणि तिची मीमांसा स्त्रीवादी समीक्षेने केलेली आहे. पुरुषाच्या हाती मात्र लेखणी होती. त्याने राजकारण लिहिले, प्रवास लिहिला, धर्मांतर लिहिले. स्वतःचे पितृत्व मात्र क्वचितच लिहिले. तेव्हा हे दडपल्या गेलेल्याचे मौन नसून बोलण्याची मुभा असलेल्याचे मौन आहे. त्याची कारणे वेगळी असणार, आणि त्याचे वाचनही वेगळ्या रीतीने करावे लागणार.

या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण कल्याणचे आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना हिचा विवाह १८७४ मध्ये, तिच्या वयाच्या नवव्या वर्षी, टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी या बिजवराशी झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि अवघे दहा दिवस जगून तो गेला. पुढे हीच यमुना डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून इतिहासात स्थिरावली. तिच्या आयुष्याचा जवळजवळ प्रत्येक टप्पा तपशिलाने नोंदला गेला. त्या दहा दिवसांतील गोपाळराव मात्र कथनाच्या केंद्रस्थानी कधीच आलेले नाहीत.

२

आनंदीबाईंच्या चरित्रपरंपरेत कॅरोलिन डॉल यांचे १८८८ चे इंग्रजी चरित्र, काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी, अंजली कीर्तने यांचे संशोधनपर चरित्र आणि २०१९ चा मराठी चित्रपट असे अनेक थर आहेत. त्यांची दृष्टी व प्रकृती भिन्न आहे. तथापि या परंपरेतून जी लोकमान्य कथा घडली, तिच्यात मुलाच्या मृत्यूचे स्थान एकच आहे: तो एक ‘कारण’ आहे. वैद्यकीय मदत न मिळाल्याने मूल गेले, म्हणून आईने डॉक्टर होण्याचा निश्चय केला, अशी ती कार्यकारणाची साखळी.

ही साखळी खोटी आहे असे नव्हे. परंतु ती मागे वळून पाहताना जोडलेली आहे, हे कालक्रम तपासला की ध्यानात येते. पत्नीला शिकवण्याचा गोपाळरावांचा आग्रह मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. विवाह ठरतानाच तो पुढे आला होता. म्हणजे शिक्षण हे मृत्यूचे फळ नव्हते. मृत्यूने फार तर आधीच चालू असलेल्या शिक्षणाला दिशा दिली. दुसरे असे की, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी आपल्या अमेरिकागमनाचे समर्थन केले, ते हिंदू स्त्री-डॉक्टरांच्या सार्वजनिक गरजेवर भर देऊन. वैयक्तिक दुःखाला तेथे युक्तिवादाचा मुख्य आधार केलेले नाही. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ज्या अनुभवाने चौदाव्या वर्षी त्यांना पोळले, त्याच क्षेत्राचे त्यांनी ज्ञानात रूपांतर केले. आईचे मौन येथे वाया गेलेले नाही. त्याला शास्त्राचे रूप मिळाले.

बापाच्या मौनाला असे रूप मिळाले का? लोकमान्य कथेत गोपाळराव येतात ते हट्टी, विक्षिप्त, प्रसंगी क्रूर अशा प्रेरकाच्या भूमिकेत. त्यांनी पत्नीला अभ्यासासाठी मारहाण केली, हेही तिच्या पत्रातूनच उघड झालेले आहे. मुलाच्या मृत्यूनंतर हा आग्रह निवळला नाही. पुढे तो समुद्रापलीकडे पोहोचला. या हट्टामागे अपराधभाव होता, शोक होता की केवळ सुधारकी अहंता होती, याचा निवाडा पुराव्याने करता येत नाही. परंतु कथनाने हा प्रश्नच उद्भवू दिलेला नाही, ही बाब समीक्षेच्या कक्षेत येते. ‘आनंदी गोपाळ’ हे शीर्षकच पाहावे. पत्नीचे आणि पतीचे नाव एकमेकांस जोडून एक संपूर्ण जोडी तेथे उभी केली आहे. त्या जोडीत तिसऱ्या नावाला जागा नाही. असणारही नाही, कारण त्या मुलाला नावच मिळालेले नव्हते.

३

मूल दहा दिवसांचे होऊन गेले. बारसे असते बाराव्या दिवशी. हा दोन दिवसांचा फरक तत्कालीन आचारव्यवस्थेत पाहिला, तर बापाच्या मौनाचे एक कारण व्यक्तिस्वभावापलीकडचे असल्याचे दिसते.

पारंपरिक ब्राह्मणी आचारात नवजात अपत्याच्या संदर्भात बापाला निश्चित कार्ये नेमून दिलेली होती. पुत्रजन्माची वार्ता ऐकताच त्याने सचैल स्नान करावे, मुलाचे मुख पाहावे, जातकर्म करावे, सोन्याने मध व तूप चाटवावे. पुढे नामकरणाच्या वेळी ताटातल्या तांदळांवर अपत्याचे नाव लिहावे. बापाच्या अनुभवाला भाषा नव्हती असे म्हणता येत नाही. ती होती, मात्र विधीची होती. त्या भाषेत व्यक्तिगत भावनेला वेगळे वाक्य लागत नसे. कृती हेच वाक्य असे. परंतु या भाषेचा भर मुलाच्या नावात होता. नाव लिहिण्यापूर्वी मूल गेले की बापाचे वाक्य अर्ध्यावर तुटते.

याहून सूक्ष्म गोष्ट अशौचाची आहे. जन्मामुळे येणारे ते सोयर आणि मृत्यूमुळे येणारे ते सुतक. सोयराच्या दहा दिवसांतच अर्भक दगावले, तर आईबापांना मृत्यूचे निराळे अशौच नाही, चालू असलेल्या सोयराबरोबरच ते फिटते, अशी धर्मशास्त्रीय व्यवस्था आहे. अर्भकाला दहन नाही, त्याचे श्राद्ध नाही. या नियमामागे व्यवहाराचे शहाणपण असेल. ज्या काळात पाळण्यातले मृत्यू नित्याचे होते, त्या काळात प्रत्येक मृत्यूला पूर्ण शोककाल देणे समाजाला परवडले नसेल. परंतु त्याचा परिणाम असा की, अशा बापाच्या वाट्याला शोकाची स्वतंत्र मुदत येत नाही. आनंदासाठी नेमलेल्या दिवसांतच दुःख उरकावे लागते. सोयरात विरघळलेले सुतक ही केवळ आचाराची बाब राहत नाही. भावनेच्या व्याकरणातून एक क्रियापदच गळल्यासारखे ते आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. फिलिप आरिएस यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात सुचविल्याप्रमाणे, बालमृत्यू सर्रास असलेल्या समाजात आईबापांची नवजात अपत्याशी भावनिक गुंतवणूकच कमी असे; मग जे नव्हते त्याचे मौन कसले शोधायचे? परंतु लिंडा पोलॉक यांनी १९८३ मध्ये रोजनिशी-आत्मचरित्रांच्या आधारे या मताचा सविस्तर प्रतिवाद केलेला आहे. मराठीपुरते बोलायचे तर रेव्ह. ना. वा. टिळकांच्या एका कवितेचे ‘बापाचे अश्रू’ हे शीर्षकच पुरे बोलके आहे. अश्रू होते. त्यांना कवितेत जागा सापडली. चरित्राच्या गद्यात ती सापडली नाही.

याचे एक कारण सुधारणावादी गद्याच्या घडणीत आहे. त्या गद्याने विधीची भाषा कालबाह्य म्हणून बाजूला सारली, परंतु तिच्या जागी बापासाठी दुसरी भाषा घडविली नाही. त्या गद्यात पुरुष हा पत्नीचा शिक्षक होता, समाजाचा टीकाकार होता, पुढारी होता. रडणारा, घाबरलेला, दाराबाहेर ताटकळणारा पुरुष त्या गद्याच्या आदर्शात बसत नव्हता. पिएर माशेरे यांनी संहिता जे बोलत नाही त्यातच तिची मर्यादा व तिचे सत्य शोधावे असे सुचविले आहे. गोपाळरावांबाबतचे मौन हे या अर्थाने एका व्यक्तीचे नसून एका गद्यशैलीचे मौन आहे.

४

त्याच काळात मराठीत पितृत्वाची एक वेगळी नोंद झाली, आणि ती साहित्याच्या पानावर झाली नाही, हे लक्षणीय आहे. १८६३ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आश्रयास आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. १८८७ च्या आपल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी यशवंताच्या जन्माचा व सावित्रीबाईंनी केलेल्या त्याच्या संगोपनाचा निर्देश करून त्याला वारस केले.

मृत्युपत्र हा काही भावनेचा लेखनप्रकार नव्हे. त्याची भाषा मालमत्तेची, हक्काची आणि अटींची. तरीही एका पुरुषाने अर्भकाच्या जन्माला आपल्या नावाशी जाहीरपणे जोडावे, आणि त्या जन्मात आपला वाटा रक्ताचा नसून स्वीकाराचा आहे हे न लपवता लिहावे, हे तेथे घडले. ज्याचा रक्तसंबंध होता त्या बापाच्या दहा दिवसांची नोंद नाही. ज्याचा नव्हता त्याच्या पितृत्वाचा दस्तऐवज आहे. १८८७ हेच आनंदीबाईंच्या निधनाचेही वर्ष. या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. दोन्हींतील भेद मात्र अर्थपूर्ण आहे. फुल्यांचे पितृत्व कृतीतून सिद्ध होत असल्यामुळे ते कायद्याच्या कोरड्या भाषेतही टिकते. गोपाळरावांच्या पितृत्वाला कृतीला वावच मिळाला नाही, आणि कृतीविना ते टिकवून धरील असे गद्य उपलब्ध नव्हते.

५

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळावे लागेल. आनंदीबाईंच्या कथेत आधीच गोपाळरावांनी पुरेशी जागा व्यापलेली आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या देहावर जे गुदरले त्याची चर्चा सोडून पुन्हा नवऱ्याच्या मनाची विचारपूस करणे म्हणजे तिच्या वेदनेवर अतिक्रमण नव्हे काय? हा आक्षेप टाळता येणार नाही. त्यातील नैतिक आग्रह मान्य करूनच पुढे जाता येते.

उत्तर असे की, अतिक्रमण होते ते बापाला खोलीच्या आत नेल्याने. तो बाहेर होता हे मान्य केल्याने होत नाही. जन्माचा बापाचा अनुभव मूलतः दुय्यम आहे: दाराआडून ऐकलेला, बातमीतून कळलेला, दुसऱ्याच्या देहावर घडलेला. ही दुय्यमता न लपवता लिहिली गेली, तर त्या लेखनात आईचा अनुभव झाकला जात नाही; त्याचे न ओलांडता येणारे अंतर अधिक स्पष्ट होते. भारतीय परंपरेत नवजात मुलाला घेऊन चाललेल्या बापाचे सर्वांत प्रभावी चित्र वसुदेवाचे आहे. डोक्यावर टोपली, पायाखाली यमुना. त्याला बोलायचे काही नसते. त्याला फक्त पलीकडे न्यायचे असते. मुलाच्या जन्मावर त्याचा हक्क नाही, ओझे मात्र त्याचे आहे. मराठी गद्याला या चित्रापासून पुष्कळ शिकता आले असते.

उलट, गोपाळरावांचे मौन जसेच्या तसे सोडून दिले, तर नुकसान आनंदीबाईंचेच होते. मूल हे केवळ ‘कारण’ ठरते, शोक हा केवळ आईचा धर्म ठरतो, आणि त्यानंतरचा नवऱ्याचा हट्ट हा स्वभावदोष किंवा द्रष्टेपणा यांपैकी एका खणात टाकून दिला जातो. बापालाही त्या मृत्यूचा जाब असतो, हा प्रश्न उभाच राहत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीवर मातृत्व लादण्यात त्याचा वाटा होता, ही गोष्ट तो बाप म्हणून कथेत आला तरच विचारता येते. पितृत्वाचे मौन भरून काढण्याची गरज सहानुभूतीपेक्षा उत्तरदायित्वासाठी अधिक आहे.

ठाण्याहून १८५४ मध्ये कल्याणपर्यंत नेलेला लोहमार्ग ठाणे पूर्वेच्या कोपरीला खेटूनच जातो. त्या परिसरातील प्रसूतिगृहाच्या बाकावर आज बसलेला तरुण बाप काही बाबतींत गोपाळरावांहून भाग्यवान आहे. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक जन्माची नोंद होते. नाव ठरले नसले तरी होते. दहा दिवस जगलेले मूल आता निदान नोंदवहीत राहते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत स्वतःच्या नावामागोमाग आईचे आणि मग वडिलांचे नाव येते. बापाचे दुय्यम स्थान नावाच्या क्रमातच मान्य झालेले आहे. त्याच्या हाती औषधाची चिठ्ठी असते, पैसे भरल्याची पावती असते, संमतीपत्रावर त्याची सही असते. जातकर्माची जागा अशा रीतीने कागदांनी घेतली आहे.

परंतु सही करतानाच्या त्या हाताच्या कंपाला मराठी गद्यात अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही. विधीची भाषा गेली, कागदाची आली. मधली, माणसाची भाषा घडवण्याचे काम उरले आहे. ते काम करू पाहणाऱ्या लेखकाला कल्याणच्या त्या बिननावाच्या मुलाच्या दहा दिवसांपासून आरंभ करता येईल. मात्र खोलीचे दार न उघडता, उंबरठ्याच्या अलीकडे उभे राहून.