सलाम आधी कोणी करायचा?

मंडळी, नमस्कार आणि सलाम. दोन्ही शब्द मुद्दाम घेतले, कारण आज बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच. ख्रिस्ती माणसं रोजच्या जगण्यात एकमेकांना भेटतात तेव्हा काय म्हणतात, आणि जे म्हणतात त्यात ख्रिस्ती असं नेमकं काय असतं, एवढाच आजचा विषय. विषय लहान दिसतो. पण कुठल्याही समाजाची खरी रचना त्याच्या घटनेत किंवा श्रद्धावचनात जेवढी दिसत नाही, तेवढी ती दारात भेटलेल्या माणसाला काय म्हटलं जातं यात दिसते, असं आम्हांला वाटतं.

सुरुवात आपण बसलो आहोत त्या वांद्र्यापासूनच करू. रविवारची मिस्सा सुटल्यावर सेंट अँड्र्यूज किंवा सेंट पीटर्सच्या आवारात पाच मिनिटं उभे राहा. काय ऐकू येतं? ‘गुड मॉर्निंग फादर’. ‘हॅलो आंटी’. तरुण पोरांचं ‘व्हॉट मेन’. गोव्याकडच्या घरातली आजी असेल तर तिच्या तोंडी आभारासाठी ‘देव बरें करूं’, आणि रात्री निरोप घेताना ‘देव बरी रात दीवं’. यात येशूचं नाव कुठेही नाही. कोकणी घरांत देवाचं नाव आहे, पण इंग्रजी बोलणाऱ्या घरांत तेही नाही.

आता इथून घाटावर जा. अहमदनगरकडचा मराठी ख्रिस्ती माणूस दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला ‘सलाम’ म्हणतो. काही जण ‘जय ख्रिस्त’ म्हणतात. उत्तर भारतात ‘जय येसू’ किंवा ‘जय मसीह की’ चालतं, आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांमधून आलेलं ‘प्रेज द लॉर्ड’ आता सगळीकडे पोचलं आहे. मग साहजिकच एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: आपलं स्वतःचं असं एकच अभिवादन का नाही? इतरांना ‘राम राम’ आहे, ‘जय भीम’ आहे. मग आपण ‘नमस्कार’ का म्हणायचं, ‘गुड मॉर्निंग’ का म्हणायचं?

या मागणीला आम्ही हसण्यावारी नेत नाही. ‘जय भीम’ने काय केलं ते महाराष्ट्राला सांगायला नको. मान खाली घालायला लावलेल्या माणसाला त्या दोन शब्दांनी मान वर करायला शिकवलं. संख्येने लहान असलेल्या समाजालाही आपण एकटे नाही हे कळण्यासाठी एखादी खूण लागते. पण ख्रिस्ती अभिवादनाची पारख त्यात कुठलं नाव घेतलं यावर करायची की आणखी कशावर? आमचं म्हणणं असं की शुभवर्तमानच या बाबतीत शब्दाला फारसं महत्त्व देत नाही.

बघा, नव्या करारातला सगळ्यात प्रसिद्ध नमस्कार म्हणजे देवदूताने मरियेला केलेला. मूळ ग्रीक शब्द आहे ‘खैरे’. शब्दशः अर्थ ‘आनंदी राहा’. पण व्यवहारात तो त्या काळच्या बाजारातला साधा ‘राम राम’. लॅटिनमध्ये त्याचं ‘आवे’ झालं, मराठी प्रार्थनेत ‘नमो’ झालं. देवदूत काही स्वर्गातली वेगळी बोली घेऊन आला नाही. आणि हाच शब्द पुढे कोणाकोणाच्या तोंडी येतो? मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा इस्कर्योत येशूला धरून देताना हेच म्हणतो आणि मुका घेतो. काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूपुढे गुडघे टेकून त्याची टर उडवणारे शिपाई हेच म्हणतात. आणि पुनरुत्थानानंतर कबरीकडून धावत निघालेल्या स्त्रियांना येशू भेटतो, तेव्हा त्याच्याही तोंडी हाच शब्द आहे, फक्त अनेकवचनात. देवदूत, विश्वासघातकी, टिंगलखोर आणि स्वतः प्रभू, चौघांचा शब्द एक. तेव्हा शब्दात पावित्र्य भरून ठेवता येत नाही, हे इथेच स्पष्ट व्हायला हवं.

मग फरक कशात? आमच्या मते दोन गोष्टींत: आधी कोण बोलतो, आणि कोणाशी.

जुन्या करारातल्या रूथच्या पुस्तकात बवाज नावाचा शेतमालक कापणीच्या वेळी शेतावर येतो आणि मजुरांना म्हणतो की परमेश्वर तुमच्याबरोबर असो. मजूर उलट आशीर्वाद देतात. लक्षात घ्या, मालक आधी बोलतो. हेच बांधावरचं अभिवादन पुढे उपासनेत गेलं. लॅटिन मिस्सेत तेच होतं, आज मराठी मिस्सेतही धर्मगुरू त्याच शब्दांनी लोकांना सामोरा जातो. म्हणजे वेदीवर आजही आधी धर्मगुरू बोलतो. पण मिस्सा संपवून तो आवारात आला की उलटं होतं: लोकांनी ‘गुड मॉर्निंग फादर’ म्हणायचं आणि फादरने मान हलवायची. बवाजचा नमस्कार देवळात राहिला, अंगणात आलाच नाही.

याच्या शेजारी आपल्याकडचा ‘जोहार’ ठेवून पाहा. गावगाड्यात महाराने वरच्या जातीच्या माणसाला जोहार घालायचा, तोही आधी आणि अंतर राखून. एकाने वाकायचं, दुसऱ्याने ते वाकणं स्वीकारायचं. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी अहमदनगर भागात जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांत महार आणि मांग कुटुंबं मोठ्या संख्येने होती. त्यांच्या तोंडी ‘सलाम’ रुजला. मराठी बायबलमध्ये पौलाच्या पत्रांतही हाच शब्द आहे: अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा. नावांची ओळच लागते. त्यात फिबी, प्रिस्का, पर्सिस अशा स्त्रिया आहेत, आणि अभ्यासकांच्या मते गुलामांमध्ये चालणारी नावंही आहेत. ज्याच्या आजोबाने जन्मभर एकतर्फी जोहार घातला, त्या माणसाला ही यादी वाचून काय वाटलं असेल? सलामाला उत्तरही सलामच असतं. आमच्या वाचनात मराठी ख्रिस्ती ‘सलाम’चं मोल इथे आहे. शब्द अरबी, मुसलमान शेजाऱ्यांच्याही तोंडचा, हिब्रू ‘शालोम’चा सख्खा भाऊ. त्यात ख्रिस्ताचं नाव नाही, पण त्याचं काम आहे.

अर्थात शब्द घसरतोही. मंगेश पाडगावकरांनी ‘सलाम’ या कवितेत त्याच शब्दाने लाचारीचा पंचनामा केला, तो सगळ्यांना आठवत असेल. सत्तेपुढे घातलेला सलाम आणि बरोबरीने घातलेला सलाम, अक्षरं तीच.

दुसरी कसोटी, कोणाशी. डोंगरावरच्या प्रवचनात येशू विचारतो, आणि त्याचा सूर बोचरा आहे: तुम्ही आपल्याच माणसांना सलाम करत असाल तर त्यात विशेष ते काय? तेवढं तर सगळेच करतात. आता ‘आपलं स्वतंत्र अभिवादन हवं’ या मागणीकडे या वाक्याच्या उजेडात पुन्हा पाहा. जो शब्द फक्त आपल्यातल्यांनाच म्हणता येतो, तो खूण म्हणून ठीक आहे. पण येशूने विचारलेल्या प्रश्नात तो नापास होतो.

आता परत वांद्र्याला येऊ. भारतातल्या उपासनेसाठी मागितलेले बारा बदल रोमने १९६९ साली मान्य केले. त्यात शांतीची खूण हात जोडून देण्याची मुभा होती. म्हणून आज मिस्सेत आपण डावीकडे वळून, उजवीकडे वळून, मागे वळून नमस्कार करतो. सुंदर प्रथा आहे. ‘नमस्कार परक्यांचा’ असं म्हणणाऱ्यांना उत्तरही तिथेच मिळालं आहे. पण ती शांती बाकाच्या टोकाला संपते. दारातला वॉचमन, पायऱ्यांवर मेणाचे हात-पाय आणि मेणाची घरं विकणारी बाई, बाहेर थांबलेला रिक्षावाला, यांच्याकडे आपण वळतो का? ज्या बाईकडून आपण मेणबत्ती घेतो तिला ‘कितीला?’ एवढंच विचारतो. घरकाम करणारी बाई तुम्हांला ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणते. तिच्या आधी तुम्ही कधी म्हटलं?

वसईच्या कुपारी समाजाचं नावच पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आलं असं सांगतात. मुलाचा बाप आणि त्याचा धर्मपिता एकमेकांना ज्या नात्याने हाक मारतात, ते हे. म्हणजे एक अख्खा समाज हाकेवरून ओळखला जातो! रक्ताचं नातं नसलेल्याला नात्यात ओढणं हे आपल्या पूर्वजांना येत होतं. वारकऱ्यांनाही येतं: दोघे भेटले की दोघेही वाकतात, आणि दोघेही एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. इथल्या डोंगरावरच्या मरियेलाही मराठी आणि कोळी भाविक ‘मोत माउली’ म्हणतात. आठ सप्टेंबरनंतरच्या जत्रेच्या आठवड्यात सगळ्या धर्मांची माणसं त्या पायऱ्या चढतात, आणि कोणाला काय म्हणायचं हा प्रश्न कोणालाच पडत नाही.

तेव्हा ‘जय ख्रिस्त’ म्हणा, ‘सलाम’ म्हणा, ‘नमस्कार’ म्हणा, ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. यावर ठराव करण्याची गरज आम्हांला वाटत नाही. गरज आहे ती एवढीच, की ज्याने आपल्याला आधी सलाम करावा असं आपण धरून चालतो, त्याला या आठवड्यात आपण आधी करायचा. उत्तर काय येतं ते पुढच्या बैठकीत सांगा. आता प्रश्न घेऊ या.